डाय गेली, हात मागे राहिला: स्पर्धक कंपन्यांमध्ये तांत्रिक ज्ञान कसं फिरतं?

नोकरी सोडलेल्या इंजिनिअरनं कंपनीची ड्रॉइंग्ज पेनड्राइव्हवर नेली आणि कंपनीनं पोलिसांत तक्रार दिली, अशी बातमी औद्योगिक पट्ट्यातून अधूनमधून येत असते. मार्च २०२४ मध्ये विधी आयोगानं आपला २८९ वा अहवाल याच विषयावर दिला. व्यापारी गुपितांसाठी वेगळा कायदा करावा, असं त्यात म्हटलं आहे आणि सोबत विधेयकाचा मसुदाही जोडला आहे.

हे वाचून पुण्याजवळच्या भोसरी किंवा चाकणच्या बाजूला काम करणाऱ्या कुणालाही प्रश्न पडेल. इथे एकमेकांच्या स्पर्धक कंपन्यांच्या भिंती लागून आहेत. दोघांना एकच टूलरूम डाय, म्हणजे पोलादी साचा, बनवून देतं आणि दोघांचं हीट ट्रीटमेंट एकाच भट्टीत होतं. दोघांकडची माणसं दर दोन-चार वर्षांनी इकडून तिकडे जातात. मग गुपित असं उरतं तरी काय? आणि सगळंच सगळ्यांना ठाऊक असेल, तर एकाचा माल ग्राहकाकडे पास होतो आणि दुसऱ्याचा परत येतो, तो का?

उत्तरासाठी एकच वस्तू जवळून पाहू. दुचाकीच्या इंजिनाचं ॲल्युमिनियमचं कव्हर, आत तेल असतं ते.

कागदावरचं ज्ञान आणि हातातलं ज्ञान

ज्वारीच्या भाकरीची कृती चार ओळींत लिहिता येते: पीठ, पाणी, मळणं, थापणं, भाजणं. पण पीठ जुनं असेल तर भाकरी थापताना कडेनं चिरते, मग पाणी गरम घ्यावं लागतं. किती गरम, हे कृतीत नसतं. मळताना हाताला लागलेल्या पिठावरून ते कळतं.

कारखान्यातलं ज्ञानही असंच दोन ठिकाणी राहतं. ड्रॉइंग, धातूचं प्रमाण, तापमान, मशिनवर भरायचे आकडे हे कागदावर मावतं. त्याची झेरॉक्स निघते आणि ते खिशात घालून नेता येतं. दुसरं ज्ञान सेटरच्या, म्हणजे मशिन लावून देणाऱ्या माणसाच्या, हातात आणि सुपरवायझरच्या नजरेत असतं: आवाज बदलला की काय बिघडलं, पावसाळ्यात काय बदलायचं, कुठला आकडा पाळायचा आणि कुठला सोडायचा. पहिलं झपाट्यानं पसरतं, दुसरं माणसाच्या पायानं चालतं.

चोरीच्या बातम्या बहुतेक पहिल्या प्रकाराच्या असतात. धंद्यातला खरा फरक मात्र दुसऱ्या प्रकारामुळे पडतो.

एक डाय भोसरीहून चाकणला जाते

आपलं कव्हर प्रेशर डाय कास्टिंगनं होतं. वितळलेलं ॲल्युमिनियम एका नळीत ओततात, प्लंजर म्हणजे दट्ट्या ते जोरात ढकलतो आणि धातू क्षणात पोलादी साच्यात भरतो. हा साचा म्हणजे डाय. डाय बहुधा व्हेंडरच्या, म्हणजे भाग बनवून देणाऱ्या कारखान्याच्या, मालकीची नसते. ग्राहक कंपनीनं तिचे पैसे भरलेले असतात आणि डायवर तिची पत्र्याची पाटीही असते. त्यामुळे दर पटला नाही किंवा माल वेळेवर आला नाही, की ग्राहक डाय उचलतो आणि दुसऱ्या व्हेंडरकडे नेतो.

समजा, भोसरीतल्या एका कारखान्यातून अशी डाय उचलली आणि चाकणला नेली. डायसोबत ड्रॉइंग गेलं, तपासणीचा आराखडा गेला, मशिनवर भरायच्या आकड्यांचा तक्ताही गेला. वरवर पाहता सगळं ज्ञान ट्रकमधून पोचलं. पहिल्याच आठवड्यात लीक टेस्टला नापास कव्हरांचा ढीग लागला. पाण्यात बुडवून आतून हवा सोडली की बारीक बुडबुडे.

का? तक्त्यातला एकही आकडा चुकलेला नव्हता.

भोसरीच्या मशिनचा प्लंजर ७० मिलिमीटर व्यासाचा होता, चाकणचा ८०. तक्त्यात प्लंजरचा वेग लिहिलेला, व्यास कुणी लिहिला नव्हता, कारण भोसरीत तो कधी बदलतच नसे. व्यास ७० चा ८० झाला की क्षेत्रफळ सुमारे ३१ टक्क्यांनी वाढतं. म्हणजे तोच वेग ठेवला तरी साच्यात दर सेकंदाला ३१ टक्के जास्त धातू घुसतो. साच्यातली हवा बाहेर पडायला तेवढा वेळ मिळत नाही, ती धातूतच अडकते. उलट, शेवटी धातू गोठताना त्याला दाबून धरणारा जोर तोच असला तरी तो आता मोठ्या क्षेत्रावर वाटला जातो, आणि धातूवरचा दाब २३ टक्क्यांनी कमी होतो. गोठताना ॲल्युमिनियम आकसतं. दाब पुरेसा नसला की जाड भागात आतून पोकळी राहते.

एवढ्यावरच भागलं नाही. नळीच्या टोकाशी धातूची एक चकती उरते, तिला शॉपवर बिस्किट म्हणतात. भोसरीत ती २५ मिलिमीटर जाड राहत होती. तेवढाच धातू ओतला तर ८० च्या नळीत ती १९ वर येते. बिस्किट पातळ झालं की ते लवकर गोठतं आणि पुढचा दाब साच्यापर्यंत पोचण्याआधीच वाट बंद होते. एका न लिहिलेल्या आकड्यानं तीन बिघाड.

चाकणवाल्यानं आणखी एक गोष्ट केली, चांगल्या हेतूनं. ज्या तोंडावर मशिनिंग होणार होतं तिथे जादा माल अर्धा मिलिमीटर ठेवायचा होता. कास्टिंग थोडं वाकडं आलं तरी पुरावं म्हणून त्यानं डायमध्ये दुरुस्ती करून तो एक मिलिमीटर केला. पण डाय कास्टिंगची फक्त वरची कातडीच घट्ट असते. साच्याच्या थंड पोलादाला टेकलेला धातू लगेच गोठतो, म्हणून वरच्या अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा थर भरीव असतो. छिद्रं असलीच तर ती आत. एक मिलिमीटर कापला की कातडी निघून गेली आणि आतली छिद्रं उघडी पडली. ड्रॉइंगवर ०.५ हा आकडा होता. तो का होता, ते ड्रॉइंगवर नव्हतं.

आणि काही गोष्टी तर आकड्यांतही नव्हत्या. भोसरीच्या सेटरनं डायवर वंगण मारणाऱ्या स्प्रेची एक तांब्याची नळी हातानं वाकवून एका कोअर पिनच्या, म्हणजे भागात भोक ठेवणाऱ्या पिनच्या, मुळाशी नेमकी रोखलेली होती, कारण ती पिन तापली की तिला ॲल्युमिनियम चिकटायचं. डाय उचलताना नळी मशिनवरच राहिली. डाय थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या एका लाइनचा व्हॉल्व्ह अर्धाच उघडायचा, त्याची खूण म्हणून पिवळा रंग मारलेला होता. बोअरच्या जड पाण्यानं त्या लाइनीत क्षार साचतात, म्हणून भोसरीत त्या ठरावीक मुदतीनं ॲसिडनं धुवून काढत. हे कुणी गुपित म्हणून लपवलेलं नव्हतं. लिहायचं असतं, हेच कुणाच्या मनात आलं नव्हतं.

सत्तरच्या दशकात ब्रिटनमध्ये हॅरी कॉलिन्स या समाजशास्त्रज्ञानं नव्या प्रकारच्या लेसरचा अभ्यास केला, तेव्हा त्याला हेच दिसलं होतं. निव्वळ छापील माहितीवरून कोणत्याही प्रयोगशाळेला तो लेसर चालवता आला नाही. ज्यांना जमलं, त्यांचा आधी जमलेल्या माणसांशी प्रत्यक्ष संबंध आलेला होता.

मग चाकणवाल्याला कळतं कसं?

कळतंच. काही आठवड्यांत रिजेक्शन उतरतं. ज्ञान कोणत्या वाटांनी आलं, ते आता पाहू, कारण कुठल्याही उद्योगात वाटा याच असतात.

बहुतेक वेळा पहिला येतो स्प्रेचं तेल विकणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर. डायवर जे वंगण मारतात ते विकायला तो आठवड्यात आठ-दहा कारखाने फिरतो. त्याला भोसरीचं नाव घ्यायची गरज पडत नाही. 'अशा कव्हरात या पिनच्या बुडाशी वेगळी नळी लागतेच, आणि पाण्याचं प्रमाण कमी करा' एवढं तो सांगतो. त्याच्या दृष्टीनं ही विक्रीनंतरची सेवा आहे. मशिन बनवणारे, कटिंग टूल विकणारे, कोटिंग करणारे, हीट ट्रीटमेंटवाले हे सगळे असेच. एका फुलावरून दुसऱ्या फुलावर जाणाऱ्या माशीच्या पायाला जसे पराग लागतात, तसं हे ज्ञान त्यांच्यासोबत जातं.

दुसरी वाट ग्राहकाची, आणि माझ्या मते वाहन उद्योगात हीच सगळ्यांत रुंद आहे. नवा भाग सुरू करण्याआधी व्हेंडरला ग्राहकाकडे कागदपत्रांचा एक संच द्यावा लागतो. त्याला पीपीएपी म्हणतात. त्यात १८ बाबी असतात: प्रक्रियेचा क्रम, कुठे काय बिघडू शकतं याची यादी, प्रत्येक टप्प्यावर काय तपासणार त्याचा आराखडा, मोजमापाच्या साधनांची खात्री, वगैरे. म्हणजे दहा स्पर्धक व्हेंडरांची प्रक्रिया एकाच ग्राहकाच्या एकाच कपाटात. शिवाय बिघाड झाला की व्हेंडरनं कारण शोधून लेखी उत्तर द्यायचं असतं, आणि ग्राहकाचा इंजिनिअर पुढे विचारतो, 'हाच उपाय बाकीच्या भागांवर आणि बाकीच्यांकडे लावला का?' असं आडवं पसरवणं हे त्याचं कामच आहे. भोसरीत शिकलेला धडा तो चाकणला शिकवतो आणि चाकणचा रांजणगावला. ग्राहकाला दर्जा हवा असतो. तो कुणाच्या डोक्यातून आला, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

तिसरी वाट टूलरूमची. डाय ज्यानं बनवली त्याला ती कुठे दुखते ते ठाऊक असतं, कारण दुरुस्तीला ती त्याच्याकडेच येते. कोणती पिन वारंवार मोडली, गेट म्हणजे धातू शिरण्याची फट कुठे रुंद करावी लागली, हवा बाहेर जायला ओव्हरफ्लो कुठे वाढवला, हे पुढच्या डायच्या डिझाइनमध्ये तो आपोआप घालतो. ती पुढची डाय स्पर्धकाची असली तरी.

चौथी वाट माणसांची. भोसरीचा सेटर चार हजार जास्त पगारावर चाकणला गेला, की तांब्याची नळी दुसऱ्या दिवशी वाकते. हातातलं ज्ञान पूर्णपणे पोचवणारी वाट हीच. मात्र तिलाही मर्यादा आहे. सेटरला 'काय' येतं, 'का' येतंच असं नाही. तो ७० च्या प्लंजरची सवय ८० वर लावतो आणि फसतो. म्हणून एकटा माणूस आणला की सगळं आलं, असं समजणारे मालक पुढे सहा महिने हैराण होतात. शक्य असेल तेव्हा कंपन्या सेटर, टूलिंगचा माणूस आणि क्वालिटीचा माणूस असं त्रिकूट नेतात, ते यामुळेच.

आणि पाचवी वाट फोनची. दोन्हीकडचे प्रॉडक्शन इंजिनिअर एकाच पॉलिटेक्निकचे असतात किंवा आधी कुठेतरी एकत्र काम केलेले. 'अरे, त्या कव्हरला तुमच्याकडे काय करत होता?' एवढा प्रश्न पुरतो. ऐंशीच्या दशकात अमेरिकेतले संशोधक एरिक फॉन हिप्पेल यांनी तिथल्या छोट्या पोलाद कारखान्यांत अशा देवाणघेवाणीचा अभ्यास केला. स्पर्धक कारखान्यांतले इंजिनिअर एकमेकांना नियमित मदत करत होते, पण दान म्हणून नाही. आज मी सांगितलं, उद्या मला लागेल तेव्हा तू सांगशील, असा न लिहिलेला हिशेब त्यामागे होता. जो नुसतं घेतो आणि देत नाही, त्याचे फोन हळूहळू उचलले जात नाहीत. आणि ज्या गोष्टीवर कारखान्याचा घास अवलंबून आहे, ती गोष्ट फोनवर कुणी सांगत नाही. शेजारी साखर मागायला आला तर वाटी भरून देतात, तिजोरीची किल्ली देत नाहीत. भोसरीतही तोल असाच सांभाळला जातो.

भाग फोडून पाहिला तर?

स्पर्धकाचा भाग बाजारातून विकत घेऊन कापणं, मोजणं, तपासणं याला रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणतात. वस्तू सरळ मार्गानं घेतली असेल तर ते गैर धरलं जात नाही, आणि सगळ्या मोठ्या वाहन कंपन्या ते करतात. मोजमाप यंत्रावर कव्हराचे सगळे माप अर्ध्या दिवसात निघतात, स्पेक्ट्रोमीटर मिनिटभरात मिश्रधातू सांगतो, एक्स-रेमध्ये आतली छिद्रं दिसतात. पण कापलेला तुकडा शेवटचा निकाल दाखवतो, वाट दाखवत नाही. तोंडावरून किती मिलिमीटर कापले ते तयार भागावरून जेमतेम ओळखता येतं, डायचं पाणी कुठे वळवलं ते मुळीच नाही.

पेटंटचं उलट आहे. पेटंट म्हणजे सरकारशी सौदा: तुम्ही शोध सविस्तर जाहीर करायचा, बदल्यात २० वर्षं इतरांना तो वापरता येणार नाही. अर्ज केल्यापासून १८ महिन्यांनी तो प्रसिद्ध होतो आणि कुणीही फुकट वाचू शकतो. म्हणजे वापरावर बंदी असली तरी ज्ञान त्याच दिवशी पसरलेलं असतं. तो वाचून स्पर्धक बाजूनं दुसरी वाट काढतात. पाण्याच्या लाइनीचा व्हॉल्व्ह अर्धा उघडा ठेवणं अशा गोष्टींना मात्र पेटंट मिळत नाही आणि मागायलाही कुणी जात नाही. दुसऱ्याच्या शेडमध्ये ते कोण तपासणार?

पुण्यातच हे जाळं इतकं दाट का?

एकाच धंद्याची माणसं एका गावात दाटीनं राहिली की ज्ञानाला चालायला अंतरच उरत नाही. पण पुण्यात त्याला काही खास कारणंही घडली. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि पिंपरी-चिंचवड-भोसरीत मोठ्या कंपन्यांच्या शेजारीच छोटे गाळे उभे राहिले. टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, १९६६ मध्ये इथे आली. पुण्याहून ट्रक बाहेर पडायला १९७७ उजाडलं, त्याआधीची वर्षं यंत्रं, टूलिंग आणि शिकाऊ मुलांच्या प्रशिक्षणात गेली. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानं मोठ्या कारखान्यांना प्रशिक्षण देणं बंधनकारक केलं होतं. तिथे कानस चालवायला शिकलेली कित्येक मुलं पुढे भोसरीत स्वतःचा लेथ टाकून बसली. मोठी कंपनी मग त्यांनाच काम देऊ लागली. आपलाच माणूस, त्याला ड्रॉइंग समजावून सांगावं लागत नाही.

बजाजचं उदाहरण आणखी बोलकं आहे. इटलीच्या पियाजिओशी असलेला करार १९७१ मध्ये संपला. नाव वापरता येईना, पण स्कूटर बनवण्याचं ज्ञान करारासोबत इटलीला परत गेलं नाही. ते आकुर्डीतल्या माणसांत, टूलिंगमध्ये आणि आजूबाजूच्या व्हेंडरांत मुरलेलं होतं. १९७२ मध्ये चेतक आली.

ही चोरी नाही का?

काही वेळा आहे, बहुतेक वेळा नाही. फरक नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण यात नोकरदार आणि मालक दोघेही चुकतात.

एखादी माहिती व्यापारी गुपित ठरायला तीन गोष्टी लागतात: ती खरोखर सर्वांना माहीत नसावी, माहीत नसल्यामुळेच तिला किंमत असावी, आणि मालकानं ती जपण्यासाठी रास्त उपाय केलेले असावेत. जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदा करारात हेच निकष आहेत. भारतात आज यासाठी स्वतंत्र कायदा नाही. न्यायालयं कराराचा कायदा आणि विश्वासभंगाची तत्त्वं यांवरून निर्णय देतात. कंपनीच्या संगणकातून परवानगीशिवाय फाइल्स उतरवून घेतल्या तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३, आणि ते अप्रामाणिकपणे केलं असेल तर कलम ६६ लागू शकतं. म्हणून पेनड्राइव्हवर ड्रॉइंग नेणं हा सरळ गुन्हा होऊ शकतो.

पण माणसाचं कसब त्याचं स्वतःचं असतं. पंधरा वर्षं डायवर काम करून आलेली नजर कुठलीही कंपनी परत मागू शकत नाही. नोकरी सोडल्यावर दोन वर्षं स्पर्धकाकडे जाणार नाही, असं कलम बऱ्याच नेमणूकपत्रांत असतं. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम २७ सांगतं की माणसाला त्याचा धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार निरर्थक आहे. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असं कलम आलं, तेव्हा ते कर्मचाऱ्यावर लागू करू दिलं गेलं नाही. करार चालू असतानाची गोष्ट वेगळी. कल्याणच्या एका रेयॉन कारखान्यातला शिफ्ट सुपरवायझर टायरच्या धाग्याचं परदेशी तंत्र शिकून पाच वर्षांचा करार मध्येच सोडून स्पर्धकाकडे गेला. त्या प्रकरणात १९६७ मध्ये न्यायालयानं कराराच्या उरलेल्या मुदतीपुरती मनाई कायम ठेवली.

थोडक्यात, डोक्यातलं न्या, कपाटातलं नेऊ नका. मधली रेषा पुसट होते ती तक्ता पाठ असलेल्या माणसाच्या बाबतीत. तिथे न्यायालय पाहतं की तो आकडा साधारण कुशल माणसाला स्वतः काढता आला असता का, आणि कंपनीनं तो गुप्त असल्याचं त्याला कधी सांगितलं होतं का.

सगळं असंच फिरलं तर नवं शोधेल कोण?

आक्षेप खरा आहे. एखाद्यानं दोन वर्षं आणि कोटभर रुपये घालून नवं मिश्रण शोधलं आणि ते सहा महिन्यांत शेजाऱ्याकडे गेलं, तर पुढच्या वेळी तो शोधणार नाही. औषधांसारख्या धंद्यात, जिथे शोध महाग आणि नक्कल स्वस्त असते, पेटंटशिवाय चालत नाही.

पण ज्या धंद्यात सुधारणा थेंबाथेंबानं होते, तिथे इतिहास वेगळं सांगतो. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये खाणीतलं पाणी उपसायला वाफेची इंजिनं लागत आणि कोळसा लांबून आणावा लागे. जेम्स वॉटचं पेटंट १८०० मध्ये संपलं. १८११ पासून खाणवाल्यांनी दर महिन्याला एक पत्रक छापायला सुरुवात केली: कोणत्या खाणीच्या इंजिनानं किती कोळशात किती पाणी उपसलं, इंजिन कुणी बसवलं, रचना कशी. स्पर्धक एकमेकांचे आकडे वाचून सुधारणा करत. रिचर्ड ट्रेव्हिथिकनं १८१२ च्या आपल्या उच्च दाबाच्या इंजिनाचं पेटंटच घेतलं नाही. पुढच्या तीसेक वर्षांत तेवढ्याच कोळशात होणारं काम सरासरीनं सुमारे तिप्पट झालं. खाणमालकाचा पैसा तांबं-कथिल विकून येत होता, इंजिनाचं गुपित विकून नव्हे. म्हणून सांगण्यात त्याचं काही जात नव्हतं.

सुरक्षेच्या बाबतीत तर ज्ञान अडवणं धोक्याचं असतं. २०२२ च्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला देशात इलेक्ट्रिक स्कूटरना आगी लागल्या, त्यातली एक पुण्यात. त्यानंतर बॅटरीच्या एआयएस-१५६ या मानकात दुरुस्त्या झाल्या आणि १ डिसेंबर २०२२ व ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत त्या लागू झाल्या. एका सेलची आग शेजारच्या सेलला लागू नये, बॅटरीवर नजर ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा कशी असावी, चार्जर कसा असावा, हे त्यात आलं. पुण्याची एआरएआय ही संस्था १९६६ पासून वाहन चाचणीचं काम करते आणि अशा मानकांच्या समित्या चालवते. त्या टेबलाभोवती स्पर्धक कंपन्यांचेच इंजिनिअर बसलेले असतात. एकाच्या बॅटरीतून शिकलेला धडा तिथून सगळ्यांसाठी नियम होऊन बाहेर पडतो.

आता सगळं इंटरनेटवर आहे, मग?

कागदावर मावणारं बरंचसं आहे, हे खरं. डाय कास्टिंगमध्ये प्लंजरचा वेग, दाब, डायचं तापमान कोणत्या पट्ट्यात असावं ते पाच मिनिटांत सापडतं. तुमच्या डायला, तुमच्या मशिनवर, जुलैच्या ओल्या हवेत काय लागेल, ते सापडत नाही. वितळलेलं ॲल्युमिनियम हवेतल्या वाफेतून हायड्रोजन शोषतं, म्हणून पावसाळ्यात छिद्रं वाढतात. तेव्हा तो हायड्रोजन बाहेर काढायला नायट्रोजन किंवा आर्गन जास्त वेळ सोडावा लागतो आणि इनगॉट, म्हणजे धातूच्या विटा, तापवूनच टाकावे लागतात. ओला इनगॉट भट्टीत पडला तर धातू उडून माणूस भाजतो. किती मिनिटं जास्त, ते आपल्या भट्टीचा नमुना निर्वातात गोठवून, कापून, छिद्रं बघूनच ठरतं.

मग लहान कारखान्यानं काय जपावं?

सगळ्यावर 'गोपनीय' शिक्का मारणं ही नेहमीची चूक. कॅन्टीनच्या मेन्यूवरही शिक्का असेल तर न्यायालयात कुठल्याच कागदाच्या शिक्क्याला वजन राहत नाही, आणि कामगारही तो वाचणं सोडतात. आधी शांतपणे बसून ठरवावं की ग्राहक आपल्याकडे कशामुळे टिकून आहे. बहुतेक छोट्या कारखान्यांत अशा दोन-तीनच गोष्टी निघतात: एखादं फिक्स्चर म्हणजे भाग धरून ठेवणारं साधन, एखादा क्रम, दर काढण्याची पद्धत. त्या वेगळ्या फोल्डरमध्ये, मोजक्या माणसांच्या हाती, कुणी कधी उघडलं त्याच्या नोंदीसह ठेवाव्यात. ज्यांना दिल्या त्यांना 'हे बाहेर जाऊ द्यायचं नाही' असं लेखी सांगावं. ग्राहकाला पीपीएपी देताना नियमानं लागतं तेवढं द्यावं. आपल्या फिक्स्चरचं पूर्ण ड्रॉइंग बहुधा त्यात लागतच नाही. डायची मालकी ग्राहकाची असली तरी आपण लावलेली जोडणी आपली आहे, हे ऑर्डर घेतानाच कागदावर आणावं. आणि माणूस सोडून जाताना भांडून नव्हे, तासभर समोर बसवून त्याच्याकडच्या फाइल्स परत घ्याव्यात.

बाकीचं फिरू द्यावं. स्प्रेवाला जसं आपलं तिकडे सांगतो, तसं तिकडचं इकडेही आणतो. ज्या कारखान्याचं दार बंद असतं, तिथे तो तेलाचा डबा उतरवून निघून जातो.

गळतीपेक्षा मोठं नुकसान दुसरंच आहे आणि त्याची बातमी कुठे येत नाही. पहिल्या पिढीतले सेटर निवृत्त होऊन गावी चालले आहेत. त्यांच्या हातातलं ज्ञान स्पर्धकाकडे जात नाही, ते कुणाकडेच जात नाही. डाय उचलून नेलेल्या चाकणच्या कारखान्याची जी अवस्था झाली, तीच मग स्वतःच्याच कारखान्यात, स्वतःच्याच डायवर होते.

त्यावरचा उपाय एका पानाचा आहे. प्रत्येक डायमागे एक कार्ड. त्यावर वेग आणि दाब असतातच. त्यासोबत प्लंजरचा व्यास, ओतायच्या धातूचं वजन, बिस्किटाची जाडी, स्प्रेच्या नळ्यांचा मोबाइलवर काढलेला फोटो, कोणता व्हॉल्व्ह किती उघडा, पाण्याच्या लाइनी शेवटच्या कधी धुतल्या, आणि पावसाळ्यात काय बदलायचं. उजवीकडे एक रकाना रिकामा सोडायचा, त्यावर नाव लिहायचं 'का'. तो सेटरला एकट्याला भरायला देऊ नये, कारण हातानं वर्षानुवर्षं केलेलं काम त्याला सांगण्याजोगं वाटतच नाही. एखाद्या नव्या पोराला त्याच्याशेजारी दोन शिफ्ट उभं करावं. पोरगं विचारेल, 'काका, ही नळी वाकडी का?' आणि उत्तर येईल तसं, त्याच शब्दांत, रकान्यात उतरवावं.